गोळी कुणाच्या पैशाची

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी राष्ट्राध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली आणि त्याच दिवशी एका आदेशावर सही केली. अमेरिका इतर देशांना विकासासाठी जी मदत देते ती नव्वद दिवस थांबवायची, प्रत्येक कामाची फेरतपासणी करायची. पाठोपाठ जगभरच्या संस्थांना ‘काम थांबवा’ असे निरोप गेले. कुठे दवाखाने होते, कुठे शाळा, कुठे पोषण आहार, कुठे कारभार सुधारण्याची प्रशिक्षणं. आपल्या ठाणे जिल्ह्यात तृतीयपंथीयांसाठी चालणारं एक लहानसं क्लिनिक होतं.

त्याचं नाव ‘मित्र’. या नावाचं पहिलं क्लिनिक २०२१ मध्ये हैदराबादला निघालं, मग आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात आणि पुण्यात. पैसा अमेरिकेच्या एड्सविरोधी निधीतून, यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेमार्फत यायचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची साथ होती. तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे ५,००० लोकांना तिथे उपचार आणि सल्ला मिळे. तपासायला डॉक्टर, मन मोकळं करायला समुपदेशक, संप्रेरकांच्या गोळ्या कशा घ्यायच्या आणि कशा घ्यायच्या नाहीत याची माहिती, सरकारी ओळखपत्र काढायला मदत. शिवाय तृतीयपंथी माणसं तिथे नुसती रुग्ण नव्हती, नोकरीलाही होती.

ही गोष्ट अशाच एका नोकरीची आहे. तिच्यातली माणसं मी कल्पनेतून उभी केली आहेत. भोवतालच्या तारखा, कायदे आणि रकमा खऱ्या आहेत.

कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीत, एक ताई राहायची. बारावी पास. घर सुटल्यावर काही वर्षं तिने कसारा लोकलमध्ये टाळी वाजवून मंगती केली होती. मग क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून लागली. गळ्यात ओळखपत्र आलं, महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार आला, आणि घरमालकाने पहिल्यांदाच भाडेकरार तिच्या स्वतःच्या नावाने केला. तृतीयपंथीयांच्या डेऱ्यातल्या नानीला, म्हणजे तिच्या गुरूच्या गुरूला, आधी हे पटलं नव्हतं. पण ताई पहिल्या पगारातून साडी घेऊन गेली तेव्हा नानीने ती नेसून साऱ्या वस्तीला दाखवली.

समोर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला ताई आधी एकच विचारायची, “तुला काय नावाने हाक मारू?” पुष्कळजण या प्रश्नालाच गोंधळायचे. मोठ्या दवाखान्यात केसपेपरवर जुनं नाव असतं. ते नाव भर ओपीडीत मोठ्याने पुकारलं जातं, उभी राहते ती साडीतली व्यक्ती, आणि साऱ्या रांगेच्या माना वळतात. त्या एका क्षणाच्या भीतीने किती माणसं ताप अंगावर काढतात, जखमा लपवतात, मेडिकलवाल्याकडून परस्पर संप्रेरकांच्या गोळ्या घेऊन लिव्हर बिघडवून बसतात, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. ताईच्या टेबलाशी ही भीती नसायची. कागदावर जुनं नाव असलं तरी वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने हाकेचं नाव लिहिलेलं असायचं.

तिथे विठ्ठलवाडीहून एक मुलगा यायचा. विशीतला. त्याला एचआयव्हीची लागण झालेली होती. सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, त्याला रोजची एक गोळी मिळे. मात्र त्या केंद्रात पहिल्यांदा त्याला हाताला धरून नेलं होतं ते ताईने. दर महिन्याला गोळ्या घेऊन आला की तो आधी ताईकडे येई, एआरटीचं पुस्तक टेबलावर ठेवी, ताई तारीख बघे, चहा मागवी, आणि मग तो घरचं, कामावरचं, सगळं सांगे.

जानेवारीच्या अखेरीस क्लिनिकचं काम थांबलं. मार्चच्या १० तारखेला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम कायमचे रद्द झाल्याचं जाहीर केलं. १ जुलैला तर १९६१ मध्ये स्थापन झालेली ती संस्थाच संपली. पण ताईच्या लेखी सगळं फेब्रुवारीतच संपलं होतं. पगार नाही आणि टेबलही नाही. फोन मात्र वाजत राहिला. “ताई, कधी उघडणार?” “ताई, माझा रिपोर्ट?” “ताई, आता कुठे जाऊ?”

विठ्ठलवाडीच्या मुलाचा फोन आला नाही. मार्च गेला, एप्रिल अर्धा झाला. ताईने स्वतः लावला तेव्हा तो म्हणाला, “मी बंद केल्या ना गोळ्या. अमेरिकेने बंद केलं म्हणतात सगळं. मग जाऊन काय करू? तिथून हाकलून देतील.”

ताईला घाम फुटला. एचआयव्हीची गोळी मध्येच थांबवली की विषाणू पुन्हा उसळतो, आणि घ्यायची-सोडायची असा खेळ चालला तर तीच गोळी पुढे लागू पडेनाशी होते. तिला आठवली डोंबिवलीची सिस्टर.

सिस्टर म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. नोकरीची शेवटची वर्षं तिने रक्ततपासणी केंद्रात काढली होती. ताई तेव्हा पहिल्यांदा तिथे गेली ती स्वतःची तपासणी करायला. सिस्टरने मान वर करून “बस गं” म्हटलं होतं. तो “गं” ताई विसरली नव्हती.

डोंबिवली पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ताईने सगळं सांगितलं. मुलाचं नाव मात्र घेतलं नाही, आणि सिस्टरनेही विचारलं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची अवस्था तिसऱ्याला सांगता येत नाही. दोघींना तो कायदा पाठ होता.

“त्याला सांग,” सिस्टर म्हणाली, “गोळी अमेरिकेची नाही. आपली आहे.”

“खरंच?”

“मी काय खोटं सांगते? १९९२ साली एड्सचा कार्यक्रम सुरू झाला तो जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जावर. तेव्हा हातमोजेसुद्धा प्रोजेक्टमधून यायचे. ‘प्रोजेक्ट संपला की काय?’ असं आम्ही एकमेकींना विचारायचो. मग हळूहळू सरकारने आपला पैसा घातला. १ एप्रिल २००४ ला फुकट औषधं सुरू झाली. आता २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्याला साधारण १५,४७२ कोटी रुपये मंजूर आहेत, सगळे केंद्राच्या तिजोरीतले. शिवाय २०१७ चा कायदा झाला. त्यात औषध देणं सरकारवर टाकलंय. ट्रम्पने सही केली म्हणून ती गोळी बंद होत नाही. जा, आत्ताच्या आत्ता जा.”

ताई गेली. मुलगा घरात नव्हता, रिक्षा स्टँडच्या मागे बसला होता. तिने त्याला समजावलं. तो ऐकत होता, पण उठत नव्हता. शेवटी म्हणाला, “गोळी असेल ताई. पण तिथे तू नाहीस ना.”

या वाक्याशी ताई अडली. ते खरंच होतं. एकाच माणसाच्या उपचाराला लागणाऱ्या दोन गोष्टी, एक औषध आणि दुसरी तिथवर हात धरून नेणारं माणूस. औषध आपल्या तिजोरीतून होतं म्हणून ते शाबूत राहिलं. माणूस दुसऱ्याच्या पैशावर होतं, ते गेलं. तरी तिने त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. परतताना कल्याण स्टेशनच्या पुलावर तिने पर्स उघडून पाहिली. पुढच्या महिन्याचं भाडं नव्हतं. त्या आठवड्यात ती पुन्हा सकाळच्या कसारा लोकलमध्ये चढली. तिच्याकडे तपासायला येऊन गेलेला एकजण खिडकीशी बसला होता. त्याने दहाची नोट काढली आणि ती देताना मान खाली घातली.

ताई सिस्टरकडे आली ती रडवेली होऊन. “अमेरिकेने दिलंच नसतं तर बरं झालं असतं. सवय तरी लागली नसती.”

“असं म्हणू नको,” सिस्टर म्हणाली आणि कपाटातून एक फाइल काढून बसली.

सिस्टर सिन्नरकडची. १९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांची होती. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, वडील पाझर तलावावर. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी घरोघर शिजायची, कामावर सुकडी मिळायची. “ती मिलो गुरांची म्हणून लोक नाकं मुरडायचे. पण तिनेच आम्ही जगलो. तिला मी कधी नावं ठेवत नाही. जी भूक भागवते तिला नावं ठेवू नयेत.”

मग तिने फाइलमधून पगाराची एक जुनी चिठ्ठी काढली. कडा पिवळ्या झालेल्या, घड्या पडलेल्या. तिने त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. व्यवसाय कर, २०० रुपये.

“मिलो एक वर्ष आली, दोन वर्षं आली, थांबली. पण तेवढ्या काळात आपल्या लोकांनी काय केलं बघ. वि. स. पागे म्हणून विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी आधीच सांगलीच्या तासगावकडे प्रयोग करून पाहिला होता, मागेल त्याला काम द्यायचा. दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. ती चालवायला पैसा कुठून आणायचा? म्हणून १९७५ ला शहरातल्या नोकरदारांवर हा कर बसवला. १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला. डोंबिवलीचा कारकून सकाळची फास्ट लोकल पकडून व्हीटीला जायचा, त्याच्या पगारातून कापलेल्या पैशावर माझ्या गावातल्या बायका बांधावर काम करायच्या. त्याला ठाऊक नव्हतं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढे २००५ ला साऱ्या देशाने तसाच कायदा केला. मिलोच्या जिवावर हे झालं नसतं. पण मिलो आली त्या काळात हातावर हात ठेवून बसलो असतो, तरीही झालं नसतं.”

ताई त्या चिठ्ठीकडे बघत राहिली. मी ही हकिकत लिहितो आहे ती याच चिठ्ठीसाठी. महाराष्ट्रात पगारदार माणसाच्या चिठ्ठीवर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये कापलेले दिसतात. त्यामागे दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका आहेत, हे आपण आपल्या मुलांना सांगत नाही. सांगायला हवं. एखाद्या राज्याने दुसऱ्याने दिलेल्या घासाचं स्वतःच्या कायद्यात आणि स्वतःच्या करात रूपांतर केलं, याहून मोठा कारभार कोणता?

“मग आता?” ताई म्हणाली.

“आता अर्ज.”

दोघींनी अर्ज लिहिला. महापालिकेच्या रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र तपासणी, एक समुपदेशक मानधनावर, केसपेपरवर हाकेच्या नावाची जागा. सोबत जोडलं : सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल, ज्यात तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य झाला, आणि २०१९ चा कायदा, ज्यात त्यांच्या आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून काम दिलं, हेही लिहिलं, म्हणजे ‘महापालिकेला असं करता येत नाही’ असं कुणी म्हणायला नको.

आवक-जावकच्या खिडकीशी ताईने अर्ज सरकवला. कारकुनाने वर पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला, शिक्का मारला आणि आवक क्रमांक लिहून प्रत परत दिली. ताईने ती छातीशी धरली. तिच्या नव्या नावाने कुठल्याही कचेरीत दाखल झालेला तो पहिला कागद होता.

उत्तर यायला वेळ लागला. आलं ते तोंडी. साहेब सज्जन होते, त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाले, “मागणी योग्य आहे. पण यासाठी लेखाशीर्ष नाही, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचं सदरच नाही. लेखाशीर्ष नाही तर तरतूद नाही, तरतूद नाही तर पद नाही.”

“मग लेखाशीर्ष कोण उघडतं?”

साहेब थोडा वेळ गप्प बसले. अंदाजपत्रकावर एरवी स्थायी समितीत आणि महासभेत चर्चा होते, नगरसेवक भांडून तरतुदी घालून घेतात. पण कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली होती, ठाण्यात मार्च २०२२ ला. दोन्हीकडे प्रशासक होते. म्हणजे परदेशातून येणारा पैसा ज्या वर्षी आटला, त्या वर्षी ही मागणी सभागृहात मांडायला आपण निवडून दिलेलं एकही माणूस तिथे नव्हतं. अमेरिकेला दोष देणं सोपं आहे, आणि एका सहीने आजारी माणसांचा आधार काढून घेणं हे क्रूरच आहे. पण काही वर्षं ते क्लिनिक आपल्या जिल्ह्यात चालू होतं. एवढ्या काळात ते आपल्या अंदाजपत्रकात यावं म्हणून कुणी धडपडलं नाही, हा दोष अमेरिकेचा नाही.

हैदराबादला काही महिन्यांतच टाटा ट्रस्टच्या मदतीने क्लिनिक ‘सबरंग’ नावाने पुन्हा सुरू झालं. ती बातमी वाचून ताई धावत आली. सिस्टर खूश झाली, आणि म्हणाली, “चांगलं झालं. पण तेही कुणीतरी दिलेलंच.”

सिस्टरने आपली बाहेरची खोली दर शनिवारी दुपारी ताईला दिली. सोसायटीत कुजबुज झाली. सेक्रेटरी वर आले. सिस्टरने त्यांना चहा दिला आणि ताईशेजारच्या खुर्चीवर बसवलं. जाताना त्यांनी ताईला विचारलं, “माझ्या भाच्याबद्दल जरा बोलायचं होतं. कधी येऊ?”

शनिवारी माणसं येऊ लागली. विठ्ठलवाडीचा मुलगाही आला, पुस्तक घेऊन. नानी एकदा येऊन बसली आणि कोपऱ्यातली खुर्ची तिचीच झाली. एका शेजारणीने हजार रुपये देऊ केले. सिस्टरने ते रिक्षाभाड्यासाठी घेतले, पण ताईला बजावलं, “हे माझ्या घरात चालतंय ना, तोवर ते कुणाचंच नाही. मी मेले की बंद. तू पुढचा अर्ज लिही.” आणि ताई लिहीत राहिली. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, प्रत्येक प्रत त्याच फाइलमध्ये, पगाराच्या पिवळ्या चिठ्ठीच्या मागे.

जानेवारी २०२६ मध्ये गल्लीत प्रचाराच्या रिक्षा फिरू लागल्या. सिस्टरच्या दारात जो उमेदवार आला त्याला तिने आत बोलावलं, फाइल उघडली आणि विचारलं, “निवडून आलात तर हे लेखाशीर्ष उघडाल का?” काहींनी हात जोडले. काहींनी “बघू आई” म्हटलं. एका तरुण उमेदवाराने अर्जाची प्रत मागून घेतली, खाली बसून ती वाचली आणि विचारलं, “वर्षाला किती लागतील?” या प्रश्नाला ताईकडे तयार उत्तर होतं. तिने हिशेबाचा कागद पुढे केला. त्यात समुपदेशकाचं मानधन होतं, आठवड्याचा एक दिवस डॉक्टरचा होता, आणि केसपेपर छापायचा खर्च होता. दुसरं काही नव्हतं.

१५ जानेवारीला मतदान झालं. कल्याण-डोंबिवलीत १२२ नगरसेवक आले, ठाण्यातही सभागृह पुन्हा भरलं. महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडलं जातं. ते पाहण्याचा आणि त्यावर विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे : तुमच्या प्रभागातून जे निवडून आले त्यांच्याकडे एकदा जा आणि विचारा, तृतीयपंथीयांच्या आरोग्यासाठी एक समुपदेशक कुठल्या लेखाशीर्षाखाली घेणार आणि त्यासाठी किती रुपये ठेवणार? जाताना अर्ज लेखी न्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका.